ऑपेरा घरी पाहायचा, तर बर्गमनचा

1 जानेवारी 1975 रोजी स्वीडनमधल्या लोकांनी आपापल्या घरात बसून मोझार्ट पाहिला. स्वीडिश नभोवाणीला त्या दिवशी 50 वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने इंगमार बर्गमन या दिग्दर्शकाने मोझार्टचा ‘द मॅजिक फ्लूट’ हा ऑपेरा खास टीव्हीसाठी चित्रित केला होता. बर्गमनचे नाव तोवर जगभर झाले होते ते मृत्यू, श्रद्धा आणि एकाकीपणा यांच्याशी झुंजणाऱ्या चित्रपटांमुळे. ‘द सेव्हन्थ सील’मध्ये मृत्यूबरोबर बुद्धिबळाचा डाव मांडणारा सरदार ज्याने दाखवला, तोच माणूस नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी पाखरे पकडणारा पारधी, डुलतडुलत येणारा ड्रॅगन आणि फुग्यात बसून खाली उतरणारी तीन मुले घेऊन लोकांच्या दिवाणखान्यात आला.

त्याला आता 50 वर्षे उलटून गेली. मधल्या काळात ऑपेरा पडद्यावर आणण्याचे असंख्य प्रयत्न झाले, तंत्र कुठल्या कुठे गेले. तरीही ज्याने आजवर एकही ऑपेरा पाहिलेला नाही, त्याने सुरुवात याच चित्रपटापासून करावी. तो सोपा आहे म्हणून असे म्हणायचे नाही. घरात बसलेल्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून, त्याचा पूर्ण मान राखून तो घडवलेला आहे.

ऑपेराच्या जाणत्या रसिकांचा घरच्या पडद्यावर आक्षेप असतो, आणि तो उगाच नसतो. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकाशिवाय गातो. समोर मोठा वाद्यवृंद वाजत असतो आणि त्या सगळ्यावरून त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. हे कसे घडते, याचा उलगडा योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने 1970च्या दशकात केला. कसलेल्या गायकाच्या, विशेषतः पुरुष गायकाच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास जोर एकवटतो. नेमक्या त्याच टापूत वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो, म्हणून गळा वाद्यांच्या गर्दीतून वेगळा निघून कानावर येतो. एका माणसाच्या छातीतून निघालेला स्वर भल्यामोठ्या सभागृहाची हवा हलवतो आहे, हे अंगावर जाणवणे ही ऑपेराची मोठी मिळकत. टीव्हीच्या चपट्या चौकटीतले बारीक स्पीकर ती देऊ शकत नाहीत. घरच्या ऑपेराची बाजू मांडायची, तर हा तोटा आधी मान्य करायला हवा.

पण ती मिळकत पदरात पडणार कुणाच्या? मुंबईत गिरगावाजवळ रॉयल ऑपेरा हाउस आहे. 1911 मध्ये बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, 1993 मध्ये ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर 2016 मध्ये पुन्हा उघडले. नाव ऑपेराचे असले, तरी तिथल्या आठवणींत सिनेमा आणि नाटके यांचा वाटा फार मोठा. बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर या रंगमंचावर गायले आहेत. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये अधूनमधून एखादा ऑपेरा उभा राहतो, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग तिथे पडद्यावर दाखवले जातात. सांगलीच्या, नांदेडच्या किंवा चंद्रपूरच्या रसिकाला एवढेही मिळत नाही. त्याच्यापुरता घरचा पडदा हाच ऑपेराचा रंगमंच. त्याला विचार करायचा आहे तो कोणता ऑपेरा पाहावा आणि कसा पाहावा, एवढाच.

पडद्यावर येणारे बहुतेक ऑपेरा हे चालू प्रयोगांचे चित्रण असते. 15 मार्च 1977 रोजी मेट्रोपॉलिटनने पुच्चिनीचा ‘ला बोएम’ नाट्यगृहातून थेट टीव्हीवर दाखवला. लुचानो पावारोत्ती आणि रेनाता स्कोट्टो गात होते. 30 डिसेंबर 2006 पासून हीच संस्था आपले प्रयोग उपग्रहावरून जगभरच्या चित्रपटगृहांत थेट पोहोचवू लागली. त्यातला पहिला प्रयोग ‘द मॅजिक फ्लूट’चाच होता, ज्युली टेमरने बसवलेला, इंग्रजीत गायलेला आणि मुलांसाठी आटोपशीर केलेला. मार्च 2020 मध्ये महासाथीने नाट्यगृहाचे दरवाजे बंद झाले, तेव्हा मेट्रोपॉलिटनने, म्हणजेच मेटने, रोज एक जुना प्रयोग इंटरनेटवर मोफत खुला केला. जगभरातल्या किती घरांत त्या महिन्यांत पहिल्यांदा ऑपेरा वाजला असेल! या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरी अशा चित्रणात एक अडचण कायम राहते. गायक शेवटच्या सज्जातल्या प्रेक्षकासाठी हातवारे करत असतो आणि कॅमेरा त्याच्या हनुवटीपाशी उभा असतो. लांबून शोभणारा रंग जवळून थापलेला दिसतो. हळुवार निरोपाच्या क्षणी मानेच्या ताणलेल्या शिरा तेवढ्या नजरेत भरतात. नवखा प्रेक्षक इथेच बिचकतो आणि ऑपेरा म्हणजे ओरडणे, असा समज करून घेऊन उठतो.

अपवाद आहेत, आणि त्यातला सर्वांत मोठा जर्मनीतल्या बायरॉइटचा. वाग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेला 1976 मध्ये 100 वर्षे झाली. त्या वर्षी पात्रिस शेरो या अवघ्या 31 वर्षांच्या फ्रेंच दिग्दर्शकाने तिचा नवा प्रयोग उभा केला. वाद्यवृंदाची धुरा पिएर बुलेझकडे होती. ऱ्हाइन नदीच्या जागी जलविद्युत धरण, देवादिकांच्या अंगावर एकोणिसाव्या शतकातल्या धनिकांचे कपडे. पहिल्या वर्षी प्रेक्षागृहात शिट्ट्या आणि आरोळ्या झाल्या. 1980 च्या शेवटच्या प्रयोगानंतर त्याच प्रेक्षागृहात तासाभराहून अधिक वेळ टाळ्या चालल्या. ब्रायन लार्ज याने 1979 आणि 1980 मध्ये हा प्रयोग चित्रित केला, तोही प्रेक्षक नसताना, त्यामुळे कॅमेऱ्याला मंचाजवळ मोकळीक मिळाली. शेरोने गायकांकडून नटासारखे काम करून घेतले होते, म्हणून जवळून पाहतानाही ते टिकते. ‘व्हालक्युरे’च्या पहिल्या अंकात पेटर होफमान आणि जिनीन आल्टमायर हे ताटातूट झालेले भाऊबहीण एकमेकांना ओळखत जातात, तेव्हा त्यांच्या नजरा गाण्याइतक्याच बोलतात. मात्र चारही ऑपेरा मिळून ही मैफल सुमारे 14 तासांची आहे. पहिल्याच भेटीत कुणाला तिच्यासमोर बसवणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला भर पावसाळ्यात कृष्णेच्या पात्रात ढकलण्यासारखे आहे.

म्हणून पहिल्या भेटीसाठी पुन्हा बर्गमनकडे. या ऑपेराचे त्याचे वेड जुने होते. वयाच्या बाराव्या वर्षी त्याने स्टॉकहोमच्या ऑपेरात ‘द मॅजिक फ्लूट’ पाहिला आणि घरच्या बाहुल्यांच्या रंगमंचावर तो करायचे मनावर घेतले. ते त्या वेळी जमले नाही. 1968 च्या ‘अवर ऑफ द वुल्फ’ या अतिशय काळोख्या चित्रपटातही त्याने याच ऑपेराचा एक तुकडा बाहुल्यांच्या खेळासारखा घातला होता. म्हणजे 1975 चा चित्रपट नभोवाणीच्या वर्धापनदिनासाठी मागणीबरहुकूम केलेला वाटला, तरी तो 40 वर्षांहून अधिक काळ मनात वाढत होता.

स्टॉकहोमबाहेर द्रोत्निंगहोमच्या राजवाड्याशेजारी 1766 मध्ये बांधलेले एक नाट्यगृह आहे. पुढे ते अडगळीत पडले, आणि 1921 मध्ये आग्ने बेयर नावाच्या अभ्यासकाला आतली अठराव्या शतकातली लाकडी यंत्रे, चक्रे आणि रंगवलेले पडदे जसेच्या तसे सापडले. बर्गमनला आपला ऑपेरा इथे करायचा होता. पण चित्रीकरणाचे दिवे, केबली आणि माणसांचा राबता त्या जुन्या लाकडाला झेपणारा नव्हता. म्हणून त्याने स्टुडिओत त्या रंगमंचाची हुबेहूब प्रतिकृती उभारली. स्वेन न्यूक्विस्टसारखा छायाचित्रकार हाताशी, स्टुडिओ आपल्या ताब्यात. मनात आणले असते तर बर्गमन खरी जंगले, खरे डोंगर दाखवू शकला असता. त्याने कापडावर रंगवलेले ढग दाखवले. दृश्य बदलताना पडदे सरकतात, आकाश दोरीने वर जाते, ड्रॅगनच्या कातड्याआड माणूस आहे हे लपवले जात नाही. संवादात उपदेश आला की पात्रे सुबक अक्षरांतले फलक हातात धरून तो गातात. हे नाटक आहे, असे तो पुन्हा पुन्हा सांगतो, आणि तरी प्रेक्षक पामिना या नायिकेसाठी हळवा होतोच.

याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रयोग 1992 च्या जुलैमध्ये रोममध्ये झाला, आणि त्याच्या केंद्रस्थानी मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता होते. पुच्चिनीच्या ‘तोस्का’चे कथानक रोममधल्या ज्या वास्तूंत, दिवसाच्या ज्या वेळी घडते, त्याच वास्तूंतून आणि त्याच वेळी तो टीव्हीवर थेट गायला गेला. पहिला अंक दुपारी सांत आंद्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये, दुसरा रात्री फार्नेझे प्रासादात, तिसरा पहाटे सांत आंजेलोच्या किल्ल्यावर. मेहता वाद्यवृंद घेऊन शहरात दुसरीकडे बसले होते. कॅथरीन मालफितानो, प्लासिदो दोमिंगो आणि रुज्जेरो राइमोंदी यांच्यापर्यंत त्यांचे इशारे पडद्यांवरून पोहोचत होते. थरार म्हणून त्याला तोड नाही. पण खऱ्या चर्चमध्ये, खऱ्या उजेडात माणसे एकमेकांशी गाऊन का बोलत आहेत, हा प्रश्न नवख्या प्रेक्षकाला टोचत राहतो. बर्गमनच्या रंगवलेल्या ढगांखाली तो प्रश्न कधी पडतच नाही. रंगमंचावर माणूस गाणारच.

बर्गमनच्या चित्रपटाची सुरुवात ही या लेखात सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑपेरा सुरू होण्याआधी वाद्यवृंद जे आरंभसंगीत वाजवतो, त्यात पाहण्यासारखे काही नसते. चित्रण करणारे बहुतेक दिग्दर्शक इथे व्हायोलिनचे गज आणि कंडक्टरची काठी दाखवून वेळ मारून नेतात. बर्गमनने कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवला. म्हातारे, तरुण, गोरे, काळे, आशियाई असे एकामागून एक चेहरे येतात, त्यात स्वतः बर्गमन, न्यूक्विस्ट आणि नट एरलंड योसेफसन यांचेही. या सगळ्यांत पुन्हा पुन्हा परतून येतो एका लहान मुलीचा चेहरा. कुणी काही करत नाही. सगळे फक्त ऐकतात. संगीताच्या लयीवर चेहरे बदलत जातात आणि काही मिनिटांत घरातल्या प्रेक्षकाला कळून चुकते की आपण एकटे नाही, आपल्यालाही या रांगेत जागा आहे. घरी ऑपेरा पाहताना शेजारचा श्वास हरवतो, पुढच्या रांगेतली स्तब्धता हरवते. बर्गमनने ती स्तब्धता घरी आणून दिली. ऑपेराच्या चित्रणात याहून शहाणी सात मिनिटे शोधून सापडणार नाहीत. काहींना हे चेहरे लांबलेले वाटतात. त्यांनी आवाज थोडा वाढवून ते पुन्हा पाहावेत. प्रत्येक चेहऱ्यावर संगीत वेगळे उमटते.

मध्यंतरही असेच. पडदा पडतो आणि कॅमेरा विंगेमागे जातो. पामिनाची आई, म्हणजे रात्रीची राणी, झालेली बिर्गिट नोर्दिन धूम्रपानबंदीच्या पाटीखाली बसून सिगारेट ओढते. राणीचा वैरी असलेल्या धीरगंभीर सारास्त्रोचे काम करणारा उल्रिक कोल्ड वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ची स्वरलिपी चाळतो. नायक तामिनो आणि पामिना बुद्धिबळ खेळतात, कुणी डोनाल्ड डकचे चित्रपुस्तक वाचण्यात गढलेले. रंगपटाची ही सैर गंमत म्हणून तर छान आहेच, पण तिचे काम त्यापुढचे आहे. ऑपेरा हा मोठ्या लोकांचा, अवघड, कपाळाला आठ्या घालून ऐकायचा प्रकार आहे, ही धास्ती इथे गळून पडते. ही माणसे काम करणारी माणसे आहेत. थोड्या वेळाने तीच सिगारेटवाली बाई पुन्हा मंचावर येते, मुलीच्या हातात खंजीर देते आणि सूडाचे ते प्रसिद्ध गाणे गाते, तेव्हा अंगावर काटा येतो.

त्या गाण्याविषयी थोडे. मोझार्टने रात्रीच्या राणीची भूमिका आपली मेहुणी योसेफा होफर हिच्यासाठी लिहिली. गळा मानवी आहे की वाद्य, असा प्रश्न पडावा अशा चपळ ताना घेत ती वरच्या ‘एफ’ स्वरापर्यंत चढते. सारास्त्रोचा बास खाली उतरतो तोही ‘एफ’पर्यंतच, पण चार सप्तके खाली. एकाच ऑपेरात स्त्री आणि पुरुष गळ्यांची ही दोन टोके समोरासमोर ठेवली आहेत. राग तिकडे, शांती इकडे. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या कानाला सप्तकांचा हा विस्तार लगेच कळतो. त्यासाठी पाश्चात्त्य संगीताचे शास्त्र शिकून यावे लागत नाही.

बर्गमनने गायक निवडले तेही कॅमेऱ्याच्या हिशेबाने. जगभर नाव असलेले दमदार गळे त्याने बोलावले नाहीत. पापागेनो हा पारधी झालेला होकन हागेगोर्ड तेव्हा तिशीच्याही आतला होता. पामिना गाणारी इर्मा उर्रिला फिनलंडची, तामिनो योसेफ कॉस्टलिंगर. सगळी तरुण, हसरी, विश्वास बसावा अशी माणसे. संगीत एरिक एरिक्सनच्या संचालनाखाली आधी ध्वनिमुद्रित केले गेले आणि मग त्यावर चित्रीकरण झाले. भारतीय प्रेक्षकाला पार्श्वगायनाची सवय जन्मापासूनची. इथे फरक इतकाच की प्रत्येक जण स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवतो. त्यामुळे गाताना होणारी चेहऱ्याची ओढाताण नाहीशी झाली. आपण प्रियकराला नकोशा झालो, असे वाटून पामिना खचते, त्या गाण्यात कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जाऊन थांबतो. तिला सभागृह भरून टाकायचे नाही. समोरच्या एकाच माणसाला ऐकू जाईल एवढ्या आर्ततेने ती गाते. न्यूयॉर्कच्या मेटमध्ये पहिल्या रांगेत बसणाऱ्यालाही इतक्या जवळून हे दुःख दिसत नाही.

बर्गमनने कथेतही हात घातला, आणि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचा त्यावर राग आहे. त्याने काही भाग गाळले, काहींचा क्रम बदलला, गाणी जर्मनऐवजी स्वीडिशमध्ये गाऊन घेतली. सर्वांत मोठा बदल म्हणजे सारास्त्रोला त्याने पामिनाचा बाप केले. मूळ संहितेत राणी आणि सारास्त्रो यांचे वैर म्हणजे अंधार आणि प्रकाश यांचा झगडा आहे, गुप्त पंथाची दीक्षा आणि कसोट्या त्याला जोडलेल्या. बर्गमनच्या हाती हे विभक्त आईबापांचे मुलीवरून चाललेले भांडण होते. दोनच वर्षांपूर्वी त्याने स्वीडिश टीव्हीसाठी ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ केले होते, हे लक्षात ठेवले की या बदलाचे मूळ सापडते. मूळ कथेची भव्यता यात थोडी कमी होते, हे खरे. पण राणी एकदम दुष्ट का होते आणि सारास्त्रो पामिनाला पळवून का आणतो, या गेल्या दोन शतकांच्या कोड्याला निदान माणसासारखे उत्तर मिळते. बायकांच्या बुद्धीवर पुरोहितांनी झाडलेले मूळचे शेरेही त्याने बरेच आवरले. शेवटी सारास्त्रो सत्ता तामिनो आणि पामिना या दोघांच्या हाती सोपवून निघून जातो. हा बदल मोझार्टच्या संगीताशी प्रामाणिक आहे, कारण कसोटीच्या वाटेवर पामिना तामिनोचा हात धरून चालते, ते मोझार्टनेच तसे लिहिले आहे.

आणि भाषेचे म्हणाल, तर हा ऑपेरा मुळातच लोकांच्या भाषेतला. 30 सप्टेंबर 1791 रोजी तो पहिल्यांदा झाला तो व्हिएन्नाच्या उपनगरातल्या एका थिएटरात, राजदरबारच्या नाट्यगृहात नव्हे. दरबारी ऑपेरा इटालियनमध्ये चालत असे. हा जर्मनमध्ये होता, मध्ये साधे गद्य संवाद आणि मध्ये गाणी. संहिता लिहिणारा एमानुएल शिकानेडर स्वतःच थिएटरचा चालक आणि पापागेनोही तोच. एका प्रयोगाला मोझार्ट विंगेत गेला आणि पापागेनोच्या गाण्यात वाजणाऱ्या घंटा त्याने भलत्याच ठिकाणी वाजवल्या. घंटा खरे तर आपला नट वाजवत नाही, हे प्रेक्षकांना कळले आणि हशा झाला. ही खोडी त्याने बायकोला लिहिलेल्या पत्रात सांगितली आहे. त्याच दिवसांतल्या दुसऱ्या पत्रात त्याने लिहिले की टाळ्यांपेक्षा लोकांची मूक पसंती आपल्याला अधिक आनंद देते. 5 डिसेंबरला तो गेला. बर्गमनच्या चित्रपटातले मध्यंतर आणि सुरुवातीचे ते ऐकणारे चेहरे, दोन्हींची मुळे मोझार्टच्या या शेवटच्या पत्रांशी जुळतात.

गद्य आणि पद यांची अशी वीण मराठी माणसाला परकी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हापासून बोलता बोलता गाऊ लागणारी पात्रे मराठी प्रेक्षकाने आपली मानली. म्हणूनच बर्गमनचा हा ऑपेरा पाहताना मराठी रसिकाला हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व ऐन भरात होते तेव्हा बोलपट जन्मालाच यायचा होता. 1935 मध्ये प्रभातने त्यांना ‘धर्मात्मा’मध्ये पडद्यावर आणले ते संत एकनाथांच्या, म्हणजे पुरुषाच्या भूमिकेत. ज्या भामिनीसाठी, ज्या सिंधूसाठी लोक रात्र रात्र बसले, ती आज उरली आहे तबकड्यांत आणि छायाचित्रांत. तो दोष कुणाचा नाही, काळाचा आहे. पण पुढे कॅमेरे आले, दूरदर्शन आले, घरोघर पडदे आले. संगीत नाटकांची चित्रणे झाली, ती बहुतेक मंचासमोर कॅमेरा ठेवून. काही नाटकांचे चित्रपट झाले. ‘कट्यार काळजात घुसली’ 2015 मध्ये पडद्यावर आले आणि नव्या पिढीने ते डोक्यावर घेतले. पण चित्रपट होताना नाटकाचा रंगमंच पुसला गेला. नाटक नाटकच ठेवून, पडदा, विंगा, तबलापेटी आणि ‘वन्स मोअर’ देणारे प्रेक्षक यांच्यासकट, कॅमेऱ्यासाठी नव्याने रचलेले संगीत नाटक मराठीत व्हायला हवे. बर्गमनला त्याच्या ऑपेरासाठी सार्वजनिक टीव्हीने पैसा आणि वेळ दिला होता. एवढ्या लहान देशाला हे जमले: स्वीडनची लोकसंख्या तेव्हा 82 लाखांच्या आसपास होती.

घरी पाहण्याची रीत मात्र नीट हवी. घरच्या पडद्याचा एक फायदा फारसा बोलला जात नाही, तो म्हणजे शब्दांचा. रंगमंचाच्या वर गाण्याचा अर्थ उमटवण्याची सोय पहिल्यांदा 1983 मध्ये टोरंटोच्या ऑपेरात झाली. न्यूयॉर्कच्या मेटमध्ये ती यायला 1995 उजाडले. टीव्हीवर ऑपेरा पाहणाऱ्यांना त्याआधीपासून सबटायटल्स मिळत होती. म्हणजे महागड्या खुर्चीतला रसिक अंदाजाने अर्थ लावत असताना घरात बसलेल्याला ओळन् ओळ कळत होती. तेव्हा सबटायटल्स चालू ठेवावीत, त्यात कमीपणा मानू नये. टीव्हीचा आवाज बाहेरच्या बऱ्या स्पीकरवर घ्यावा किंवा चांगला हेडफोन लावावा. सुंडबर्गने शोधलेला तो गळ्याचा जोर निम्मातरी कानी पडेल. चित्रपट 135 मिनिटांचा आहे. तुकड्यातुकड्यांनी, स्वयंपाकघरात ये-जा करत तो पाहू नये. बर्गमनने मध्यंतर जिथे ठेवले आहे, तिथेच चहा करावा, आणि तोही विंगेमागची दृश्ये संपल्यावर.

मुलांना जरूर बसवावे. ड्रॅगन, घंटा आणि बर्फातून वसंतात येणारी पापागेनो-पापागेनाची जोडी त्यांना समजावून सांगावी लागत नाही. क्रायटेरियन कलेक्शनने चित्रपटाची स्वच्छ प्रत डिस्कवर आणली आहे, ती मिळवावी. सुरुवातीचे चेहरे मात्र पुढे पळवू नयेत. ऑपेरा तिथूनच सुरू होतो.